जुन्या काचांचं ग्रीनहाऊस : माल उचलण्याआधी हे वाचा

आधी काच, मग चौकट. टोरंटो परिसरातल्या घरांमधून निघालेली सरकत्या दारांची तावदानं आमच्याकडे येतात. ती बहुतेक 34 बाय 76 इंचांची दुहेरी, टफन्ड (तापवून कडक केलेली) काच असते. कोपऱ्यात बारीक शिक्का दिसेल. ही काच कापता येत नाही, कापायला गेलात तर क्षणात चुरा होतो. म्हणून काच घरी नेऊन मोजा आणि मगच लाकूड कापा. दोन काचांच्या मध्ये धुरकटपणा आलेलं तावदान स्वस्तात मिळतं, रोपांना तेवढा उजेड पुरतो.

काच भिंतींना लावा, छपराला नको. आपलं ग्रीनहाऊस 8 बाय साडेतेरा फुटांचं धरू. त्याच्या छपरावर फूटभर ओला बर्फ साचला तर जवळजवळ 900 किलो वजन होतं. ताजा भुरभुरीत बर्फ याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच, पण त्यावर पाऊस पडला की सगळं गणित बदलतं. छपराला 16 मिमीचं पॉलिकार्बोनेट (आत पोकळ नळ्या असलेलं पारदर्शक प्लास्टिक) घ्या: 4 बाय 12 फुटांचे चार पत्रे, मधोमध कापून. नळ्या आढ्याकडून पावळीकडे उतरत्या आणि छापील फिल्मची बाजू वर. उलटं बसवलं तर उन्हाने काही वर्षांत पिवळं पडून तडकतं. थंडीत पत्रा आकसतो, म्हणून स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा 3 मिमी मोठं पाडा.

उतार 45 अंश ठेवा, बर्फ आपसूक घसरतो. वासे दोन बाय चार इंची लाकडाचे, दर 24 इंचांवर एक. समोरासमोरच्या वाशांना आडवी पट्टी मारायला विसरू नका, नाहीतर वजनाने भिंती बाहेर फाकतात आणि पहिला बळी काचेचा जातो.

घसरलेला बर्फ भिंतीलगत ढीग करून काच आत ढकलतो. म्हणून खालचे 2 फूट फळ्यांची भिंत आणि त्यावर तावदान आडवं. लांब बाजूंना दोन-दोन, मागे एक, एकूण पाच तावदानं. एकेक 25 ते 35 किलोंचं, उचलायला दोघं हवीत. काच थेट लाकडावर टेकवू नका. खाली रबराचे दोन तुकडे, चहूबाजूंनी 6 मिमी फट. दार आत उघडणारं किंवा सरकतं, नाहीतर जानेवारीत फावडं आत आणि तुम्ही बाहेर!

घराच्या पावळीखाली जागा निवडू नका. वरच्या छपराचा बर्फ एकदम कोसळतो. रेल्वेचे जुने स्लीपर तर फुकट मिळाले तरी नकोत, त्यांत क्रिओसोट (लाकूड टिकवायचं विषारी डांबरी तेल) असतं. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

हीटर नसेल तर मेथी-पालक नेहमीपेक्षा काही आठवडे जास्त मिळेल. कढीपत्त्याची कुंडी मात्र पहिल्या थंडीआधीच घरात घ्या.