बटणं गेली, इशारे आले

वाळवा-मिरज भागात रात्रीच्या लाईटीवर उसाला पाणी पाजणाऱ्याच्या एका हातात खोरं असतं. दार मोडायला, म्हणजे पाणी दुसऱ्या सरीत वळवायला, उजेड हवा आणि चिखलाच्या बोटानं लॉक उघडून टॉर्चचं चिन्ह शोधायचं म्हणजे वैताग. मोटोरोलाचा फोन असला तर मनगटाला दोन हिसके दिले की टॉर्च लागतो. २०१४ च्या वनप्लस वनमध्ये टॉर्च लावायला बंद स्क्रीनवरच बोटानं इंग्रजी व्ही काढायची सोय होती.

अशा सोयींना लोक ‘छुपी ट्रिक’ म्हणतात. पण त्यातल्या बऱ्याच सोयींचं मूळ कुणाच्या तरी अडचणीत आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात संशोधन करणारे वेन वेस्टरमन टायपिंगनं हात दुखतात म्हणून बेजार होते. त्यातून त्यांनी जॉन एलियास यांच्याबरोबर नुसत्या स्पर्शावर चालणारे कीबोर्ड बनवणारी फिंगरवर्क्स ही कंपनी काढली. २००५ मध्ये ॲपलनं ती घेतली आणि २००७ मध्ये दोन बोटांनी फोटो मोठा करणारा आयफोन आला. २००९ च्या आयफोन थ्रीजीएसमध्ये व्हॉइसओव्हर आलं. अंध व्यक्तीला गुळगुळीत काचेवर बटण हाताला लागणार कसं? म्हणून एक बोट फिरवलं की फोन बोलून सांगतो, दोनदा टॅप केलं की उघडतो, तीन बोटांनी पान सरकतं.

बटणं काढून टाकायची कल्पनाही आयफोनची नव्हे, जरी श्रेय त्यालाच मिळतं. पाम प्री या फोनमध्ये २००९ लाच मागे जायला स्वाइप होतं, म्हणजे बोट सरकवायचं. नोकिया एन९ च्या दर्शनी बाजूला २०११ मध्ये एकही बटण नव्हतं. होम बटण काढून टाकणारा आयफोन टेन मात्र २०१७ चा, आणि बटणांऐवजी इशारे देणारं अँड्रॉइड १० २०१९ चं.

आयफोनच्या पाठीवर दोनदा टिचकी मारून स्क्रीनशॉट घेण्याची सोय २०२० मध्ये आयओएस १४ बरोबर आली. ती आजही सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या सोयींच्या, यादीत आहे. ‘ते आपल्यासाठी नाही’ म्हणून बहुतेक जण तिकडे फिरकतच नाहीत, मग सापडणार कुठून!

एक सोय मात्र सरकारी नियमातून आली. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटात मदत मागायचं पॅनिक बटण सक्तीचं झालं: साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवर बटण पटापट तीनदा दाबलं तरी चालेल. त्यामुळे इतर देशांत पाचदा दाबावं लागतं तिथे भारतातल्या आयफोनवर तीनदा पुरतं.