मुदत संपलेलं डोमेन परत मिळवताना प्रीमियम भाव द्यावा का? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या, नूतनीकरणाची तारीख हुकते, संकेतस्थळ बंद पडतं आणि तेच नाव कुठेतरी कित्येक पट भावाने विकायला दिसतं. अशा वेळी घाबरून पैसे भरू नका. नाव नेमकं कोणत्या टप्प्यावर आहे ते आधी पाहा. हक्क कोणाचा आणि शुल्क किती, हे त्यावरच ठरतं.

टप्पा आयकॅन या डोमेन नावांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या लुकअप सेवेत मोफत दिसतो. तिथे एका नोंदीने बरेच जण फसतात. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपली की रजिस्ट्री, म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या नावांची मूळ नोंद सांभाळणारी संस्था, ती आपोआप एका वर्षाने पुढे नेते. त्यामुळे रजिस्ट्रीच्या रकान्यात पुढच्या वर्षीची तारीख झळकते आणि आपलं नूतनीकरण झालंय असं वाटतं. प्रत्यक्षात तुमचे पैसे जमा झालेले नसतात. शेजारी ‘ऑटो रिन्यू पीरियड’ असा शेरा आहे का आणि रजिस्ट्रारने, म्हणजे तुम्ही ज्या कंपनीकडून नाव नोंदवलं तिने, वेगळी तारीख दिली आहे का, हे तपासा.

हा काळ जास्तीत जास्त ४५ दिवसांचा असतो, पण रजिस्ट्रार त्याआधीही नाव रद्द करू शकतो किंवा करारातल्या अटीनुसार लिलावात काढू शकतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात हालचाल करा. या टप्प्यात नेहमीचं शुल्क आणि फार तर विलंब शुल्क लागतं. नाव रद्द झालं तर ३० दिवसांचा ‘रिडेम्प्शन पीरियड’ (रद्द झालेलं नाव सोडवून घेण्याचा काळ) सुरू होतो आणि पुनर्स्थापनेचं वेगळं, बरंच जास्त शुल्क पडतं. २०१३ पासून लागू असलेल्या आयकॅनच्या धोरणानुसार हे सगळे दर रजिस्ट्रारने जाहीर करावेच लागतात. सांगितलेली रक्कम त्यांच्याशी ताडून पाहा. त्यापुढच्या ५ दिवसांच्या ‘पेंडिंग डिलीट’मध्ये, म्हणजे नाव कायमचं काढून टाकण्याआधीच्या टप्प्यात, कोणालाच काही करता येत नाही. लिलावात विकलं गेलेलं नाव मात्र रिडेम्प्शनमध्ये येतच नाही, थेट नव्या मालकाकडे जातं.

अर्ज कोण करू शकतो? मुदत संपताना ज्याच्या नावावर नोंदणी होती, तोच. संकेतस्थळ बनवणाऱ्याने नोंदणी स्वतःच्या नावावर केली असेल, तर पैसे तुम्ही दिलेले असूनही अर्ज त्यालाच करावा लागतो. सर्वाधिक अडचणी इथेच येतात.

अर्ज रजिस्ट्रारकडेच करायचा. आयकॅन नावं विकत नाही, परतही देत नाही. नोंदणीकृत ईमेल चालू असेल तर खात्यात जाऊन पैसे भरले की बहुतेक वेळा काम होतं. ईमेल बंद असेल तर साधारणपणे ओळखपत्र, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, लेटरहेडवर अधिकारपत्र आणि जुन्या पावत्या मागतात. सगळा व्यवहार लेखी ठेवा.

आता प्रीमियम भावाचं. डॉट कॉममध्ये रजिस्ट्रीचा घाऊक दर सगळ्या नावांना सारखाच आहे: १ सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला १०.२६ डॉलर. तिथला प्रीमियम म्हणजे विक्रेत्याने किंवा लिलावाने ठरवलेली किंमत. ती एकदाच द्यायची, पुढचं नूतनीकरण नेहमीच्या दराने. डॉट एक्सवायझेडसारख्या नव्या डोमेनमध्ये मात्र रजिस्ट्रीच काही नावांना प्रीमियम ठरवते, आणि तिथे दरवर्षीचं नूतनीकरणही महाग असू शकतं. असा चढा नूतनीकरण दर लावायचा तर नोंदणीच्या वेळीच तो स्पष्ट सांगून तुमची संमती घ्यावी लागते. साध्या दराने घेतलेलं नाव मुदतीत वाचवलं तर हे संरक्षण टिकतं. नाव सुटून पुन्हा बाजारात आलं, तर नवा दर लागू शकतो.

नाव दुसऱ्याने घेतलं असेल आणि तुमचा ट्रेडमार्क असेल, तर यूडीआरपी या डोमेन नावांचे वाद सोडवणाऱ्या आयकॅनच्या धोरणाखाली तक्रार करता येते. अशा तक्रारी ऐकणाऱ्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) एक ते पाच नावांसाठी एकसदस्यीय मंडळाचं शुल्क १५०० डॉलर आहे. ट्रेडमार्कशी फसवं साधर्म्य, समोरच्याचा कायदेशीर संबंध नसणं आणि नाव घेण्यात व वापरण्यातही वाईट हेतू, हे तिन्ही सिद्ध करावं लागतं. भाव जास्त मागितला, एवढ्यावर तक्रार टिकत नाही.