शाळेच्या तपासणीत हृदयाचा दोष निघाला, तर पुढे काय? चिठ्ठी, इको, रेशनकार्ड, इंजेक्शन

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते: अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळेत एकदा. तपासायच्या आजारांत रुमॅटिक हृदयरोगही आहे. घशाच्या जंतुसंसर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे एकामागून एक सुजतात आणि काही मुलांच्या हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. साधारण ५ ते १५ वयात हा धोका जास्त.

तपासणीला अर्ज नाही, कागद नाही. मूल त्या दिवशी शाळेत हवं, एवढंच. पण ऊसतोडीला गेलेल्या घरची मुलं नेमकी तेव्हा फडावर असतात आणि हजेरीपटावर गैरहजर पडतात. तपासणीला येणाऱ्या पथकाची तारीख मुख्याध्यापकांना आधी विचारून ठेवा. तारीख हुकली तर वर्षभर थांबू नका. मुलाला दम लागत असेल किंवा सांधे सुजून गेले असतील, तर थेट ग्रामीण रुग्णालयात न्या आणि बाल स्वास्थ्य पथकाची चौकशी करा. खासगी विनाअनुदानित शाळेत हे पथक जात नाही. त्या पालकांनीही सरकारी रुग्णालयच गाठावं.

खरी गळती होते ती संदर्भ चिठ्ठीपाशी, म्हणजे पुढच्या तपासणीसाठी पथक देतं त्या चिठ्ठीपाशी. चिठ्ठीवर घाईघाईत ‘मर्मर, टू-डी इको’ एवढंच लिहिलेलं असतं: मर्मर म्हणजे हृदयाच्या ठोक्यांतला जादा आवाज, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मूल पळतंय, खेळतंय, म्हणून आई-वडील ती दप्तरातच राहू देतात. समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात, तीही पथकाकडून मिळत नाहीत याचा राग येतो. कृपा करून चिठ्ठी जपा, मोबाईलवर तिचा फोटो काढून ठेवा. ती घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जायचं. इकोची सोय तिथून होते. घाबरून आधी खासगीत हजारो रुपये घालवू नका. मर्मर ऐकू आली म्हणजे आजार ठरलाच असं नाही. उलट स्टेथोस्कोपला काहीच ऐकू आलं नाही तरी झडप बिघडलेली असू शकते. म्हणून सांधे सुजल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा.

शस्त्रक्रिया सांगितली तर मोफत उपचारांची सरकारी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, आणि सर्वांत जास्त अर्ज अडकतात ते इथे. रेशनकार्ड असतं, पण त्यावर मुलाचं नाव नसतं. शाळेत ‘गणेश’, आधारवर ‘गणेशकुमार’, कार्डावर नुसतं ‘बाळू’, असंही होतं. नाव चढवायचा अर्ज तहसीलच्या पुरवठा विभागात द्यावा लागतो, सोबत जन्मदाखला आणि आधार. तिथे ‘पुढच्या आठवड्यात या’ हे ठरलेलं उत्तर. तेव्हा ऑपरेशनची तारीख मिळायची वाट न बघता, इकोत दोष दिसला त्याच आठवड्यात अर्ज टाका आणि पोच घ्या. रुग्णालय योजनेच्या यादीतलं हवं. तिथे योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र असतो, भरती होण्याआधी त्याला भेटा. ऑपरेशनला आधी मंजुरी लागते. स्वतः पैसे भरून नंतर बिल दिलं तर परतावा मिळत नाही. अनेक घरं इथे कर्जात गेली आहेत.

रुमॅटिक हृदयरोग निघाला, तर ऑपरेशन लागलं नाही तरी, घशाचा तो संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन बहुधा दर २१ दिवसांनी, वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. हा ‘महिन्यातून एकदा’चा हिशेब नाही; तारखा कॅलेंडरवर मोजून लिहा. रिअॅक्शनच्या भीतीने काही आरोग्य केंद्रं इंजेक्शन द्यायला कचरतात. जिल्हा रुग्णालयातून बाहेर पडताना औषध, मात्रा आणि अंतर स्पष्ट लिहिलेला कागद शिक्क्यासह मागून घ्या. ऊसतोडीसाठी कारखान्यावर जाताना त्याची झेरॉक्स सोबत न्या आणि पहिल्याच आठवड्यात तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून पुढची तारीख लिहून घ्या.