‘गिअरबॉक्स गेला’ म्हणण्याआधी

जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांची एक तक्रार नेहमीची. सकाळी ‘डी’वर टाकली की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग धक्का देऊन गाडी हलते. गॅरेजमध्ये पाच मिनिटांत निकाल लागतो: गिअरबॉक्स गेला. खर्च ऐकून मालक गाडी विकायलाच काढतो. हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो, असं माझं ठाम मत आहे.

आधी आपल्या गाडीत काय आहे ते पाहा. २०१४ साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे रुळू लागलेली एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच; क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम फक्त हातापायांऐवजी यंत्र करतं. पुढचं सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे पोहोचवणाऱ्या गाड्यांविषयी आहे. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याचं काम तेल करतं. हेच तेल पंपाच्या दाबाने आतल्या क्लच प्लेटा आवळतं, तेव्हा गिअर पडतो. वंगण आणि थंडावाही त्याचाच. म्हणून चौकशी तेलापासून सुरू करायची.

तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब तयार व्हायला वेळ लागतो आणि गिअर उशिरा पडतो. पातळी मोजण्याची रीत मात्र कंपनीगणिक वेगळी. बऱ्याच गाड्यांत इंजिन गरम आणि चालू ठेवून मोजतात. होंडाच्या अनेक गाड्यांत इंजिन गरम करून, मग बंद करून. काही गाड्यांना डिपस्टिकच, म्हणजे पातळी बघायची पट्टीच नसते. गाडीची माहितीपुस्तिका न बघता वरून तेल ओतणं मला धोक्याचं वाटतं, कारण जास्त तेलही फेसाळतं आणि दाब पडतो. पातळी बरोबर असूनही फक्त थंड गाडीतच उशीर होत असेल, तर वयाने कडक झालेल्या रबरी सीलांवर संशय घ्यावा. तेल तापलं की ते थोडे मऊ होतात, म्हणून दुपारी तक्रार गायब होते.

आता तेलाचा रंग आणि वास. नवं तेल सहसा लाल असतं. वापराने तपकिरी होणं स्वाभाविक आहे, पण काळं आणि जळका वास येणारं तेल म्हणजे प्लेटांचं कागदी अस्तर जळतंय. दुधाळ गुलाबी दिसलं तर गाडी तिथेच थांबवा. बऱ्याच गाड्यांत गिअरचं तेल रेडिएटरच्या आतल्या कूलरमधून फिरतं; तो फुटला की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, तेलात मिसळतं आणि अस्तराचा चिकटपणा सुटतो. अशा वेळी रेडिएटर बदलायला उशीर केला, तर गिअरबॉक्सही हातचा जातो.

सगळ्यात जास्त फसवते ती थरथर. साठ-सत्तरच्या वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी थरथरते, तेव्हा सहसा इंजिनचा एखादा प्लग मिसफायर करत असतो (ठिणगी नीट पडत नसते) किंवा कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच, म्हणजे वेग आल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, घसरत असतो. दोन्ही अगदी सारखंच वाटतं. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा स्विच लागताच लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली, तर बोट लॉक-अपकडे जातं. चालूच राहिली, तर आधी प्लग आणि त्याला वीज पुरवणारी इग्निशन कॉइल तपासा.

गिअर टाकताना नुसता ‘धप्प’ आवाज होत असेल तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे रबरी आधारही बघून घ्या. गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०७०० दिसला तर घाबरू नका. गिअरच्या कंट्रोलरने तक्रार नोंदवली आहे, एवढाच त्याचा अर्थ. नेमकं कारण सोबतच्या दुसऱ्या कोडमध्ये असतं.

एवढं करूनही शंका राहिली तर तेलाची पॅन काढायला सांगा आणि स्वतः समोर उभे राहा. पॅनमधल्या चुंबकावर बारीक करडा लेप असणं नेहमीचं आहे. चकचकीत धातूचे तुकडे किंवा अस्तराचा काळा गाळ भरपूर सापडला, तर मात्र गिअरबॉक्स उघडावाच लागेल. नवं तेल घालून झिजलेलं अस्तर परत येत नाही.