सोलापुरातून आंतरराष्ट्रीय डिबेटला जायचंय? पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

परदेशातल्या डिबेट स्पर्धेचे ठरले की मुले आधी इंग्रजी सुधारायला बसतात. बसावेच. पण सोलापूरसारख्या ठिकाणाहून निघणारा संघ इंग्रजीपेक्षा दोन गोष्टींत जास्त अडकतो: पासपोर्ट वेळेत हातात नसतो आणि सोबत न्यायला जज नसतो. या दोन्हींना महिने लागतात, भाषणाची तयारी त्यांच्यासोबत चालू राहू शकते.

कोण अर्ज करू शकतो

पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे वर्ल्ड युनिव्हर्सिटीज डिबेटिंग चॅम्पियनशिप, डिबेटवाल्यांच्या भाषेत ‘वर्ल्ड्स’. पहिली १९८१ मध्ये ग्लासगोला झाली, २०१४ ची चेन्नईला. दरवर्षी साधारण नाताळनंतर सुरू होऊन नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात संपते. संघ दोघांचा, दोघेही एकाच संस्थेचे आणि तिथे प्रत्यक्ष प्रवेश घेतलेले हवेत. एका व्यक्तीला वक्ता म्हणून चारपेक्षा जास्त वेळा उतरता येत नाही.

अकरावी-बारावीच्या मुलांना इथे प्रवेश नाही. त्यांच्यासाठी वर्ल्ड स्कूल्स ही वेगळी स्पर्धा आहे, पण तिथे देशाचा संघ जातो. कॉलेजने थेट अर्ज करून उपयोग नाही, राष्ट्रीय निवड प्रक्रियेतूनच जावे लागते. आशियाई स्पर्धांत बहुधा तीन वक्त्यांची एशियन पार्लमेंटरी पद्धत असते, म्हणजे संघबांधणीच बदलते. कोणत्या स्पर्धेला जायचे हे ठरवल्याशिवाय जोड्या लावू नका.

आपल्याकडे एक पेच नेहमी निघतो. विद्यार्थी शिकतो संलग्न कॉलेजात, पदवी देते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. मग नोंदणी कोणाच्या नावाने? आयोजकांना ईमेल करून उत्तर लेखी घ्या. दोन कॉलेजांची मुले परस्पर ‘विद्यापीठाचा संघ’ म्हणून नोंदली आणि बोनाफाइडवर कॉलेजांची नावे वेगळी निघाली, तर संघ बाद होऊ शकतो.

बोनाफाइड आणि नाव

कार्यालयात बोनाफाइड मागितले की ‘शिष्यवृत्तीकरिता’ असा छापील मराठी नमुना हातात पडतो. तो इथे चालत नाही. इंग्रजीत, लेटरहेडवर, जावक क्रमांकासह हवे. त्यात अभ्यासक्रम, वर्ष, प्रवेशाची तारीख, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, स्पर्धेचे नाव आणि तारखा याव्यात. मजकूर स्वतः टाइप करून न्या, क्लार्कचे आणि तुमचे दोघांचे हेलपाटे वाचतात. त्याच फेरीत रजेचे ना-हरकत पत्रही घ्या. व्हिसासाठी ते लागतेच, आणि हिवाळी सत्राच्या परीक्षा जवळ असतील तर परीक्षा विभागाकडे अर्ज करतानाही जोडता येते.

नावाचा घोळ याहून त्रासदायक. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि ‘गिव्हन नेम’मध्ये बहुधा स्वतःचे व वडिलांचे नाव एकत्र. ऑनलाइन फॉर्म भरणारा गुणपत्रिका समोर ठेवून आडनाव पहिल्या रकान्यात टाकतो, तेच आमंत्रणपत्रावर छापून येते आणि व्हिसाच्या अर्जाशी जुळत नाही. त्यातून वडिलांचे नाव आधारवर ‘सिद्राम’ आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘सिद्धाराम’ असेल तर दुरुस्ती पासपोर्टच्या आधी करा, नंतर नाही. फॉर्म भरताना समोर फक्त पासपोर्ट ठेवावा.

जज आणायचा कुठून

बहुतेक स्पर्धांत संघांच्या संख्येवर जज द्यावे लागतात. जुना प्रचलित नियम संघांपेक्षा एक कमी असा आहे, म्हणजे एका संघाला जज नको, दोन संघांना एक, तीन संघांना दोन. काही स्पर्धा जितके संघ तितके जज मागतात. जज दिला नाही तर दंड भरावा लागतो किंवा संघाची जागा जाते.

इथे कॉलेजे एक हमखास चूक करतात: सोबत येणाऱ्या सरांना किंवा मॅडमना जजच्या जागेवर नोंदवतात. वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षण वर्षानुवर्षे केलेले असले तरी ब्रिटिश पार्लमेंटरीत (वर्ल्ड्सची पद्धत, एका वादात चार संघ) चारही संघांना क्रम लावून, सहपरीक्षकांशी चर्चा करून, कारणे तोंडी सांगावी लागतात. आयोजक आधी अनुभवाचा तपशील मागतात, कधी ऑनलाइन चाचणीही घेतात. सराव नसलेला माणूस ‘ट्रेनी’ ठरतो आणि ट्रेनीचे मत निकालात धरले जात नाही. एवढा प्रवास करून मागच्या बाकावर बसणे कोणालाच रुचत नाही. त्यापेक्षा डिबेट केलेला माजी विद्यार्थी किंवा संघात निवड न झालेला चांगला विद्यार्थी घ्या आणि त्याला सहा-आठ महिने ऑनलाइन स्पर्धांत परीक्षणाला बसवा. बऱ्याच ऑनलाइन स्पर्धांना जज कमीच पडतात, त्यामुळे जागा मिळते.

भाषेचा दर्जा

वर्ल्ड्समध्ये खुल्या गटासोबत ईएसएल आणि ईएफएल असे दोन गट असतात, इंग्रजी ही दुसरी किंवा परकी भाषा असणाऱ्यांसाठी. फेऱ्या सगळ्यांच्या एकत्रच होतात, बाद फेरीची यादी मात्र स्वतंत्र लागते. सोलापुरात घरी मराठी, कन्नड, तेलुगू किंवा उर्दू बोलणाऱ्यांनी हा अर्ज जरूर करावा. समिती घरची भाषा, शाळेचे माध्यम, इंग्रजीतून किती वर्षे शिकलात हे विचारते. शाळेकडून माध्यमाचा उल्लेख असलेला दाखला जवळ ठेवा. पूर्ण शिक्षण इंग्रजी माध्यमात झाले असेल तर तसे सरळ सांगा.

पासपोर्ट आधी, कारण पुढचे सगळे त्यावर

सोलापुरात पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुणे पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत. अर्ज आणि वेळ ऑनलाइनच घ्यावी लागते. प्रौढांच्या ३६ पानी, दहा वर्षांच्या पासपोर्टला १५०० रुपये शुल्क आहे. आधार, जन्मतारखेचा पुरावा आणि दहावीचे प्रमाणपत्र मूळ न्या. दहावीच्या प्रमाणपत्रामुळे पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागण्याचा, शिक्का बसत नाही.

खरा वेळ जातो पोलीस पडताळणीत. अक्कलकोट, बार्शी, पंढरपूरची मुले शहरात खोली घेऊन राहतात, अर्जात गावचा पत्ता देतात आणि पोलीस गावी गेल्यावर ‘इथे राहत नाही’ असे उत्तर मिळते. शहर पोलीस आयुक्तालय आणि सोलापूर ग्रामीण ही दोन वेगळी खाती आहेत, फाइल एकीकडून दुसरीकडे जाण्यात आठवडे जातात. गेल्या वर्षभरात जिथे राहिलात ते सर्व पत्ते खरे लिहा.

पुढचा क्रम असा: संस्थेची प्राथमिक नोंदणी, जागावाटप, हप्त्यांत फी, मग नावे. नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक असलेले आमंत्रणपत्र साधारणपणे फी भरल्यावरच निघते, आणि ते हातात आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज भक्कम होत नाही. ‘पासपोर्ट येईलच’ म्हणून फी भरणारे मधेच लटकतात, कारण आगाऊ फी बहुतेक वेळा परत मिळत नाही.

पैसे पाठवताना

बँकेच्या प्रत्येक शाखेत परकीय चलनाचे काम होत नाही, आधी विचारून जा. परदेशी रक्कम पाठवण्याचा ए-२ फॉर्म, पॅन आणि आयोजकांचे इनव्हॉइस लागते. संस्थेच्या खात्यातून रक्कम जाणार असेल तर परदेशी रकमेवरच्या कराच्या फॉर्मांची सीएकडे विचारणा करून ठेवा. पाठवताना ‘ओयूआर’ हा पर्याय निवडा, म्हणजे सगळे शुल्क आपणच भरतो. ‘एसएचए’ निवडल्यास मधल्या बँका आपले शुल्क कापतात, समोर रक्कम थोडी कमी पोहोचते आणि नोंदणी ‘अपूर्ण’ दिसत राहते. कॉलेजकडून खर्च मिळणार असेल तर मंजुरी आधी लेखी घ्या आणि बोर्डिंग पास जपून ठेवा, लेखा विभाग तेच मागतो.

व्हिसा

स्पर्धा युरोपातल्या शेंगेन (सामाईक व्हिसाच्या) देशात असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तरी दाखल व्हावा लागतो. वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोंचा, पासपोर्टची मुदत परतीनंतर तीन महिने आणि दोन कोरी पाने हवीत. पालकांचे आयकर विवरण आणि बँकेचे शिक्का मारलेले स्टेटमेंट जोडा. अर्जाच्या तोंडावर खात्यात अचानक मोठी रक्कम टाकू नका, ते उलट संशयाला कारण होते. बोटांचे ठसे द्यायला पुण्या-मुंबईला जावे लागते. मुंबईची सकाळची वेळ मिळाली तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून पोहोचता येते, पण गाडीला उशीर होऊ शकतो हे धरून दुपारची वेळ घेतलेली बरी.

आणि सोलापुरातच भरवायची असेल तर

आकडे आधी मांडा. ब्रिटिश पार्लमेंटरीत एका खोलीत चार संघ, म्हणून संघसंख्या चारच्या पटीत. ३२ संघांना ८ खोल्या आणि खोलीला तीन धरले तर २४ जज, वर दोन-तीन राखीव. एखादा संघ ऐनवेळी आला नाही तर खोली तिघांवर चालत नाही, त्यासाठी स्थानिक मुलांचा स्विंग संघ तयार ठेवा. आठ भाषणे प्रत्येकी ७ मिनिटांची, तयारीला १५ मिनिटे, वर जजची चर्चा आणि शेरे: एक फेरी दोन तासांखाली उरकत नाही. दिवसाला तीनच्या वर फेऱ्या ठेवू नका. गुणांसाठी टॅबीकॅट ही मुक्त प्रणाली बहुतेक जण वापरतात. जज स्वतःच्या संस्थेच्या संघाला गुण देणार नाही याची नोंद तिच्यात आधीच भरायची असते.

परदेशी संघांना ‘टुरिस्ट व्हिसावर या’ असे परस्पर कळवू नका. परिषदेसाठीच्या व्हिसाला गृह मंत्रालयाची कार्यक्रम मंजुरी आणि परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी लागते. हा पत्रव्यवहार संस्थेच्या प्रमुखांच्या सहीने, काही महिने आधी सुरू करावा. कोणता व्हिसा घ्यायचा हे पाहुण्यांनी त्यांच्याकडच्या भारतीय दूतावासालाच विचारावे. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए नोंदणी लागते. नोंदणी शुल्क ही वेगळी बाब आहे, तरी सीएचा सल्ला घेऊन दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवा. पाहुणे वसतिगृहात उतरले तरी, ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात ती परदेशी पाहुण्यांच्या मुक्कामाची माहिती, २४ तासांत ऑनलाइन भरावीच लागते. हॉटेलवाल्यांना हे ठाऊक असते, वसतिगृहाच्या रेक्टरना बहुधा नसते.

तारखा ठरवताना जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आणि आषाढी टाळा, लॉज आणि गाड्या दोन्ही भरलेल्या असतात. एप्रिल-मेच्या उन्हात पंख्याखाली तीन फेऱ्या म्हणजे पाहुण्यांना शिक्षाच. नोंदणी फॉर्ममध्ये खाण्याच्या ॲलर्जीचा रकाना सक्तीचा करा. शेंगदाण्याची ॲलर्जी परदेशी विद्यार्थ्यांत आढळते आणि आपल्या जेवणात चटणीपासून आमटीपर्यंत शेंगदाण्याचा कूट असतो. केटररला बिनकुटाचे भांडे, पळी आणि वाढणारा माणूसही वेगळा ठेवायला सांगा. ताटावर पाटी लावून भागत नाही, एकच पळी दोन्ही भांड्यांत फिरली तरी त्रास व्हायला पुरते.