इथे डोकं की शेपूट?

प्लॅनेरिया हा गोड्या पाण्यातला चपटकृमी. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर, डोळे तिरळे आणि तोंड चक्क पोटाच्या मध्यावर. त्याला मधोमध कापला, तर दोन्ही तुकड्यांच्या जखमा आक्रसून मिटतात. दोन-तीन दिवसांत तिथे फिकट, बिनरंगाचा कोंब दिसतो. मागच्या तुकड्याच्या कोंबात पुढे दोन काळे ठिपके उमटतात, ते नवे डोळे. मेंदूही नव्याने घडतो. इवल्याशा तुकड्याला तोंडच नसतं, त्यामुळे खाणं बंद. मग तो अंगचंच साहित्य मोडून वापरतो आणि लहानसा, पण प्रमाणबद्ध कृमी होतो. पुढे फळमाशीवरच्या कामासाठी नोबेल मिळवणाऱ्या टी. एच. मॉर्गन यांनी १८९८ मध्ये नोंदवलं, की शरीराचा २७९ वा हिस्साही यासाठी पुरतो.

हे बांधकाम करतात निओब्लास्ट नावाच्या मूलपेशी. प्रौढ कृमीच्या शरीरात विभाजन होतं ते फक्त यांचंच. किरणोत्सर्गाने त्या मारल्या की कृमी काही आठवड्यांत मरतो. अमेरिकेतल्या व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये अशा मरणपंथाला लागलेल्या कृमींत एकेकच निओब्लास्ट सोडली. त्यातले काही त्या एका पेशीच्या जोरावर जगले!

मला मात्र खरी गंमत वेगळीच वाटते. पात्याच्या अल्याड-पल्याडच्या पेशी क्षणापूर्वी शेजारी होत्या. मग एकीकडे डोकं आणि दुसरीकडे शेपूट का? याचा नकाशा बराचसा स्नायूपेशींकडे असतो. ‘विंट’ नावाचा रासायनिक संदेश शेपटीकडे जोरात असतो. पुढच्या दिशेला उघडणाऱ्या जखमेवर ‘नोटम’ हे जनुक जागं होतं आणि तो संदेश दाबतं, म्हणून तिथे डोकं. विंटचा निरोप पेशीत पोचवणारं बीटा-कॅटेनिन हे प्रथिन बंद केलं, की शेपटीच्या जागीही डोकंच उगवतं. हे २००८ मध्ये दिसलं.

सगळे चपटकृमी इतके तरबेज नसतात. युरोपातल्या दुधी रंगाच्या डेंड्रोसीलमचा मागचा अर्धा भाग डोक्याविनाच राहतो, निओब्लास्ट असूनही. २०१३ मध्ये जर्मनी, अमेरिका आणि जपानमधल्या तीन गटांनी अशा तीन जातींत तोच विंटचा निरोप अडवून पाहिला. तिन्ही जातींच्या त्या मागच्या तुकड्यांना डोकी फुटली.