गुदगुल्या

गुदगुल्या : काख, कुशी, बरगड्या, तळपाय, मान अशा ठिकाणी दुसऱ्याची बोटे फिरल्याने उमटणारी, हसू आणणारी आणि अंग चोरायला लावणारी संवेदना, तसेच ती उमटावी म्हणून केलेला खेळकर स्पर्श. मराठीत हा शब्द बहुधा अनेकवचनीच येतो. स्तुतीने सुखावण्याला ‘मनाला गुदगुल्या होणे’ म्हणतात.

शब्दाचे मूळ निश्चित नाही. हिंदीत गुदगुदी, गुजरातीत गलगलियाँ, बंगालीत कातुकुतु, तमिळमध्ये किच्चुकिच्चु, तेलुगूत कितकितलु अशी रूपे आहेत. कानडी ‘कचगुळी’च्या शेवटच्या अक्षरांवरून मराठी शब्दाचा कानडीशी संबंध सुचवता येईल, परंतु वेगवेगळ्या कुळांतील इतक्या भाषांत द्विरुक्त ध्वनींचाच आधार घेतलेला दिसत असल्याने हा शब्द अनुकरणवाचक मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘गुद’ या संस्कृत शब्दाशी त्याचा संबंध जोडण्यास अर्थाचा आधार नाही.

स्टॅन्ली हॉल व आर्थर ॲलिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1897 मध्ये या संवेदनेचे दोन प्रकार पाडले. अंगावरून मुंगी किंवा पीस फिरल्यावर होते ती हुळहुळ म्हणजे निस्मेसिस. तिने हसू येत नाही, हात आपोआप तिथे जातो. दाबून, पुन्हा पुन्हा केलेल्या स्पर्शाने हसवते ती गार्गालेसिस. मराठीतील गुदगुल्या मुख्यतः दुसऱ्या प्रकारात मोडतात. इंग्वे झोटरमन यांनी 1939 मध्ये मांजरांवर केलेल्या अभ्यासातून हलक्या गुदगुलीच्या संवेदनेत वेदनावाहक तंतूंचाही भाग असल्याचे सूचित झाले. असह्य वेदनेसाठी मज्जारज्जूतील वेदनामार्ग छेदलेल्या रुग्णांत गुदगुल्यांची जाणीवही मंदावते, ही गोष्ट त्याला पूरक आहे.

खरा वाद हसण्याच्या कारणाविषयी आहे. माणूसच तेवढा गुदगुल्यांना बळी पडतो, कारण त्याची त्वचा नाजूक आहे आणि प्राण्यांत तो एकटाच हसतो, असे ॲरिस्टॉटलने लिहिले. डार्विनने 1872 मध्ये गुदगुल्यांचे हसू आणि विनोदाचे हसू यांची सांगड घातली. एव्हाल्ट हेकर यांनी 1873 मध्ये तसेच मत मांडल्याने हा पक्ष दोघांच्या नावाने ओळखला जातो. त्यासाठी मन प्रसन्न हवे, अनोळखी माणसाने गुदगुल्या केल्या तर मूल भीतीने किंचाळेल, असे डार्विनचे म्हणणे होते. कॅलिफोर्नियातील क्रिस्टीन हॅरिस व निकोलस ख्रिस्तेनफेल्ड यांना मात्र 1997 मध्ये असे आढळले की, आधी विनोदी दृश्ये दाखवल्याने गुदगुल्यांचे हसू वाढत नाही. 1999 मध्ये त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या विद्यार्थ्यांना एकदा माणूस आणि एकदा यंत्र तळपायाला गुदगुल्या करणार असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात दोन्ही वेळा टेबलाखाली लपलेली व्यक्तीच ते काम करत होती; यंत्र नुसतेच घरघरत होते. विद्यार्थी दोन्ही वेळा सारखेच हसले. यावरून हे हसू सोबतीवर अवलंबून नसून प्रतिक्षिप्त क्रियेच्या जवळचे असावे, असा निष्कर्ष काढला गेला. प्रयोग लहान असला तरी त्याचे पारडे जड वाटते. मनःस्थितीचा मुद्दा मात्र त्याने निकालात निघत नाही.

स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत. सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोलपर्ट व ख्रिस फ्रिथ यांनी 1998 मध्ये मेंदूच्या चित्रणातून याचा संबंध अनुमस्तिष्काशी, म्हणजे हालचालींचा मेळ राखणाऱ्या मेंदूच्या मागील भागाशी, जोडला. आपल्या हालचालीने कोणता स्पर्श होणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि ती संवेदना दाबून टाकतो. यंत्राच्या मदतीने हाताची हालचाल व स्पर्श यांत सेकंदाच्या एक ते तीन दशांशांचे अंतर ठेवल्यावर स्वतःचाच स्पर्श अधिक गुदगुल्या करणारा वाटू लागला. पोट तपासताना रुग्ण अंग चोरू लागला की डॉक्टर त्याचाच हात आपल्या हाताखाली धरून पोट दाबतात, त्यातही हेच तत्त्व आहे.

ॲरिस्टॉटलचे विधान आता टिकत नाही. चिंपँझी, गोरिला आदी वानर गुदगुल्या केल्यावर धापा टाकल्यासारखा हास्यसदृश आवाज काढतात. याक पँकसेप यांनी गुदगुल्या केल्यावर उंदीर सुमारे 50 किलोहर्ट्झचे, माणसाला ऐकू न येणारे आवाज काढतात असे दाखवले. शिंपेई इशियामा व मिखाएल ब्रेख्त यांनी 2016 मध्ये उंदरांच्या स्पर्शसंवेदी मेंदूबाह्यकात (मेंदूच्या बाहेरच्या थरात) गुदगुल्यांनी उद्दीपित होणाऱ्या पेशी नोंदवल्या. तेच उंदीर उंच चौथऱ्यावर, प्रखर उजेडात ठेवले असता आवाज घटले आणि त्या पेशींचा प्रतिसादही मंदावला.